भरलेला डबा

दादा रोज सकाळी डब्याची पिशवी पाठीला अडकवून वर चढायचे आणि संध्याकाळी तीच पिशवी पाठीला अडकवून खाली उतरायचे. एकोणीस वर्षं मी हे बघत आलो. वर म्हणजे क्रेनच्या केबिनमध्ये. बांधकामावर जी उंच, एकटी क्रेन उभी असते, तिच्या माथ्याशी काचेची एक खोली असते. खोली कसली, कपाटच ते. एक खुर्ची, दोन दांडे, एक हॉर्न, संपलं. त्यात दादा बसायचे, साइटवर सगळेच त्यांना दादा म्हणायचे, आणि त्यांच्या बरोबर खाली मी. ओझ्याला साखळ्या अडकवायच्या, वर बघून हाताने खुणा करायच्या आणि ओझं हवं तिथे टेकवून घ्यायचं, हे माझं काम. सळ्यांचा भारा नुसता बघून मी त्याचं वजन सांगतो. दहा-वीस किलोंचा फरक पडला तर पडला. माझ्या या नजरेचं साइटवर फार कौतुक होतं आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

आम्हाला कंपनीने वॉकीटॉकी दिले होते. दादांनी आठवड्याभरात त्यांचा बंद करून ठेवला. माझी बडबड दिवसभर कानात नको, असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब हसले, मी रागावलो, पण मग खुणांवरच आमचं चालू झालं आणि ते इतकं छान बसलं की दुसरी जोडी आमच्यासारखं काम करूच शकत नव्हती. बोट वर केलं की उचल. तळहात खाली हलवला की हळू सोड. हात आडवा ताणून धरला की थांब. ओझं थांबलं की दादा हॉर्न एकदा वाजवायचे. म्हणजे, धरलंय, आता तुझं काम कर. हॉर्नचा हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, तो आमच्या दोघांचा होता. हॉर्न ऐकला की मी बेधडक ओझ्याखाली हात घालायचो, खालची लाकडं सरळ करायचो, अडकलेली साखळी मोकळी करायचो. माझा जीव त्या माणसाच्या डोळ्यांवर टांगलेला होता आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

आधी पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगतो. केबिनमधून खाली यायला दोनशे चाळीस पायऱ्यांची उभी शिडी. उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. म्हणून क्रेनवाला डबा वरच नेतो. लघवीसाठी बाटली असते. मोठ्या कामाची मात्र काहीच सोय नसते, ते घरून उरकून यायचं आणि दिवसभर पोटाला समजावत राहायचं. त्या दिवशी दादांच्या पोटाने ऐकलं नाही. दुपारी सगळे जेवत बसलेले असताना दादा घाईघाईने शिडी उतरताना दिसले आणि निम्म्या शिडीवर ते एकदम थांबले. थोडा वेळ तसेच शिडीला चिकटून राहिले. मग सावकाश उतरले, कुणाकडे न बघता पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून पँट धुऊ लागले. चाळीस माणसं घास हातात धरून गप्प बसली होती. आणि ते गप्प बसणं माझ्याने सहन होईना. माझ्या जिभेला मुळातच हाड नाही. मी मोठ्याने म्हणालो, "आज माल खुणेशिवायच उतरला."

काय हसले सगळे. एक सुतार तर जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. दादांनी मागे वळून पाहिलं आणि तेही हसले. ते वाक्य पुढे पंधरा दिवस साइटवर फिरत होतं, साहेबांच्या तोंडीसुद्धा गेलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी आपलं वाक्य ऐकून मी मनातल्या मनात फुगून गेलो. कितीतरी वर्षं मी ते माझ्या चांगल्या विनोदांत धरत होतो.

दादांच्या पोटाचं दुखणं पुष्कळ उशिरा, म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी सुरू झालं, असं मी समजत होतो. सकाळी गेटपाशी भेटले की मी विचारायचो, किती? ते दोन बोटं दाखवायचे. म्हणजे रात्री दोन तास झोप. कधी अडीच, कधी एक. दिवसभर काही नसायचं. रात्री जेवून आडवं झालं की अर्ध्या तासात पोट तट्ट फुगायचं. कळ नाही, जळजळ नाही, नुसता फुगारा. ढेकर येता येत नाही, खालूनही सुटका नाही. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पालथं, उताणं, सगळं करून झालं की उठून बसायचं. बसलं की डोळे मिटायला लागतात, आडवं झालं की पोट पुन्हा टपलेलं. पहाटे चारच्या सुमाराला कधीतरी पोट उतरायचं आणि पाचला घड्याळ वाजायचं.

आधी आम्ही सगळ्यांनीच त्याची थट्टा केली. पन्नाशी उलटली की माणसाला एक तरी दुखणं पाळावं लागतं, तुमचं निदान खाऊन-पिऊन सुखी आहे, असं मी म्हणायचो. दादा ऐकून घ्यायचे. थट्टा ऐकून घेण्यात त्या माणसाचा हात कुणी धरला नसता.

मग एकदा मी ती रात्र डोळ्यांनी पाहिली. छताचं काँक्रीट ओतायचं होतं, काम रात्री साडेआठपर्यंत लांबलं आणि माझी शेवटची बस गेली. दादा म्हणाले, घरी चल. दोन बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत पलंग, बाहेर स्वयंपाकघर, त्यातच टेबल आणि एक हात मोडलेली खुर्ची. वहिनी इस्पितळाच्या कपडे धुण्याच्या विभागात कामाला. त्यांनाही पहाटे उठायचं असायचं, तरी त्या जेवायच्या थांबल्या होत्या. दादांनी पिशवी त्यांच्या हातात दिली. वहिनी आमच्याकडे पाठ करून शेगडीपाशी बराच वेळ काहीबाही गरम करत होत्या.

दादांचं ताट आलं आणि मी बघतच राहिलो. माझ्यासारख्या दोन माणसांचं जेवण होतं ते. आणि ते खाणं तरी कसं? न बोलता, मान खाली घालून, घासावर घास. मधेच तांब्यातलं पाणी घटाघटा, तेही अख्खा तांब्या. मला राहवेना. मी म्हणालो, "दादा, पोट आहे की गोदाम? आणि वर म्हणता फुगतं." वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादांनी ताटाकडे पाहिलं. मी आपला हसत होतो.

रात्री एकच्या सुमाराला मला जाग आली. मी स्वयंपाकघरात जमिनीवर झोपलो होतो आणि माझ्या पायांपासून दीड हातावर दादा येरझारा घालत होते. चार पावलं खिडकीपर्यंत, चार पावलं दारापर्यंत. बनियन वर गुंडाळलेलं, दोन्ही हात पोटावर. खिडकीपाशी गेले की कठड्यावर वाकायचे, श्वास रोखून धरायचे आणि काहीच न होता सरळ व्हायचे. एवढ्यात खालच्या घरातून छताला काठी ठोकल्याचा आवाज आला. खालच्या बिऱ्हाडाला पावलांचा त्रास व्हायचा म्हणे. दादा जागच्या जागी थांबले आणि मोडक्या खुर्चीत बसले. मी उठून बसलो.

"पोट दुखत नाही रे," ते हळूच म्हणाले. "दुखलं असतं तर बरं, ओरडता तरी आलं असतं. हे नुसतं आतून ढकलतं. आडवं झालं की छातीवर चढून बसतं."

थोड्या वेळाने ते पुन्हा पलंगावर गेले. दार उघडंच होतं. वहिनींचे डोळे मिटलेले होते, पण त्यांचा हात आपोआप दादांच्या पाठीवर गेला आणि गोल गोल फिरू लागला. झोपेतच चाललं होतं ते. किती रात्रींची सवय असेल, मी मोजू शकलो नाही. जरा वेळाने दादांनी तो हात उचलून हलकेच गादीवर ठेवला, वहिनींची झोप मोडू नये म्हणून, आणि ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले. सकाळी मी उठलो तेव्हा ते तिथेच, मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं. फार म्हातारे दिसत होते. त्या दिवसापासून मी थट्टा बंद केली.

आणि त्या दिवशी ओझ्याखाली हात घालण्याआधी मी पहिल्यांदाच पुन्हा एकदा वर बघितलं. दोन तास झोपलेला माणूस माझ्या डोक्यावर दीड टन लोखंड धरून बसला होता.

मीच मागे लागून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त झालं, पोटाचा फोटो झाला, नळी घालून आतून बघून झालं. काही निघालं नाही. दादांचा चेहरा उतरला. काही तरी निघावं, असं वाटण्याची पाळी माणसावर येते, हे मी तेव्हा पाहिलं. डॉक्टर चांगला होता, फक्त त्याला सांगायची फार हौस होती. थोडं थोडं खा, चार वेळा खा, पाणी दिवसभर घोटघोट प्या, रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, तेही अर्धपोटी. मग त्याने विचारलं, दिवसा काय खाता? दादा म्हणाले, डबा असतो. डॉक्टरने ते लिहून घेतलं. मीही शेजारून मान डोलावली. रोज बघतो ना मी, डबा असतोच.

संध्याकाळी सातला सुटणाऱ्या आणि नवाला घरी पोचणाऱ्या माणसाने झोपण्याआधी तीन तास कधी जेवायचं, हे काही डॉक्टर सांगू शकला नाही. पण बाकी सगळं दादांनी केलं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. कोबी सोडला, डाळी सोडल्या, दूध सोडलं. जेवणानंतर बडीशेप, झोपताना आल्याचं पाणी, गोळ्या, सोडा. रस्त्यावर शतपावली सुरू केली तर गल्लीतली कुत्री मागे लागली. एक गोळी लागू पडायची, आठ दिवसांनी तीही पाठ फिरवायची. वहिनी रोज नवीन काहीतरी मऊ शिजवून बघायच्या. घरातलं सगळं बोलणं त्या एका पोटाभोवती फिरायला लागलं.

मधे एकदा लोखंडाच्या गाड्या आठ दिवस आल्याच नाहीत आणि साइट बंद राहिली. दादा घरी होते. परत आले ते अगदी ताजे. गेटवर मी विचारलं, किती? त्यांनी सहा बोटं दाखवली. सहा तास, सलग, आठही रात्री. त्या दिवशी मी हात आडवा केला की हॉर्न तत्काळ वाजत होता. मला वाटलं, विश्रांतीचा गुण. दुसरं काही माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन दिवसांत बोटं पुन्हा दोनावर आली.

यानंतर हॉर्न उशिरा यायला लागला. बाहेरच्या कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं ते. मी हात ताणायचो, ओझं थांबायचं, आणि हॉर्नच्या जागी नुसती शांतता. एक, दोन, तीन. मग हॉर्न. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग रोज दुपारी. तीन वाजता ऊन काचेवर यायचं आणि दादांच्या डोळ्यांवर झापड यायची. मी खालून हात जोरजोराने हलवायचो, कधी शिट्टी मारायचो. एकदा तर मुद्दाम साखळी चुकीची अडकवली आणि पुन्हा सोडवली, तेवढाच त्यांना पाच मिनिटं डोळे मिटायला वेळ.

हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. नियम तोच होता, आणि शहाणपणही तेच होतं. मी नाही सांगितलं. दादांना मात्र एकदा बसस्टॉपवर म्हणालो, महिनाभर सुट्टी घ्या, पोटाचं काय ते एकदाचं बघा. ते म्हणाले, महिनाभर खुर्ची रिकामी राहत नाही, त्यात दुसरा बसतो आणि मग तोच बसतो. खरं होतं ते. त्यांना खालचं दुसरं काही काम येत नव्हतं. पण मी गप्प बसलो ते तेवढ्यासाठीच नाही. नव्या माणसाच्या ओझ्याखाली उभं राहायचं माझ्याच जिवावर आलं होतं. अर्धवट झोपेतले दादा मला ताज्यातवान्या परक्या माणसापेक्षा बरे वाटत होते. स्वतःची अशी समजूत घालून मी कानाडोळा केला आणि पाच महिने काढले.

मग तो दिवस आला. वेळ दुपारी तीनचीच. सळ्यांचा भारा खाली येत होता. जमिनीपासून वीतभर उरला तेव्हा मी उजवा हात आडवा केला. भारा थांबला. खालचं एक लाकूड तिरकं झालं होतं. मी हॉर्नची वाट पाहिली नाही. हे मला नीट सांगायचं आहे. हॉर्न वाजला नव्हता आणि तो वाजला नाही, हे मला कळलं होतं. पण गेले पाच महिने तो उशिराच वाजत होता आणि शेवटी वाजतच होता. येईल मागून, असं म्हणून मी डावा हात लाकडाला घातला. भारा खाली आला.

मी ओरडलो की नाही, आठवत नाही. माणसं धावली, पहारी घालून भारा उचलला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. दादा शिडी कशी उतरले देवाला माहीत, पण रुग्णवाहिका यायच्या आधी ते माझ्यापाशी होते. त्यांनी अंगातला शर्ट काढून माझ्या हाताला गुंडाळला आणि घट्ट धरून बसले. त्यांच्या गालावर, जिथे ते काचेला टेकले असतील तिथे, एक लांब लाल वळ उठला होता. तो मी पाहिला. आणि मी तो पाहिला, हे त्यांनीही पाहिलं.

चौकशी झाली. साहेबांनी इस्पितळातच कागद पुढे केला. मी सांगितलं, हॉर्न वाजला नसताना मी हात घातला, चूक माझी. लोखंडाच्या वजनाने कधी कधी भारा थोडा बसतो, तसा बसला. यातलं पहिलं वाक्य खरं होतं आणि दुसऱ्याबद्दल कुणी खोलात गेलं नाही. दोन बोटांवर भागलं, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादांनी गुडघ्यांचं कारण देऊन काम सोडलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, छप्पन्न वर्षांच्या माणसाचे गुडघे जातातच.

दीड महिन्याने पट्टी सुटली आणि मी दादांकडे गेलो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि दादा जेवत होते. छोटं ताट, त्यात थोडासा भात, थोडी भाजी, सावकाश घास. इतक्या लवकर त्यांना जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते बारीक झाले होते. पोट तर पार आत गेलं होतं, बनियन सैल लोंबत होतं. मला खरंच बरं वाटलं. मी म्हणालो, दादा, पोट सुधारलेलं दिसतंय. ते म्हणाले, हो, पोटाचं काही नाही आता. आणि माझ्या हाताकडे न बघता त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, ती हात मोडलेलीच.

दादा हात धुवायला गेले आणि मग खाली जाऊन काहीतरी घेऊन येतो म्हणाले. वहिनी माझ्यासाठी चहा ठेवत होत्या. मी आपलं विषय काढायचा म्हणून म्हणालो, शेवटी कुठल्या औषधाचा गुण आला? वहिनींनी गॅस बारीक केला.

"औषध कसलं," त्या म्हणाल्या. "दिवसा जेवायला लागले ना हे. एकोणीस वर्षं डबा भरून न्यायचे आणि भरलेला परत आणायचे. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचे दोन घोट. आणि रात्री नऊ-दहाला डबा अन् रात्रीचं, दोन्ही एकदम. पोट काय करणार?"

मी म्हणालो, डबा तर रोज वर जायचा.

"जायचा की. मी विचारेन म्हणून न्यायचे आणि तुम्ही सगळे विचाराल म्हणूनही न्यायचे. पहिली दोन वर्षं मी भांडले, मग सोडून दिलं. ऐकतच नव्हते. वर असताना एकदा पोट बिघडलं होतं म्हणे, खाली येईपर्यंत फजिती झाली. तिथे कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळी साइट हसली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे. पोटात काही गेलंच नाही तर पुन्हा तसं व्हायची भीती नाही, असं म्हणायचे."

चहा उकळून वर आला. वहिनींनी तो उतरवला, गाळला, माझ्यापुढे ठेवला.

"नाव कितीदा विचारलं," त्या म्हणाल्या. "कधी सांगितलं नाही. माणूस मनाचा चांगला आहे, तोंडाचा तेवढा सैल आहे, एवढंच म्हणायचे. तुम्ही तर पहिल्यापासून होतात तिथे. कोण होता हो तो?"

मी कप उचलला. डाव्या हाताने उचलायची सवय, त्यामुळे तो कलंडला आणि बशीत चहा सांडला. ते पुसण्यात थोडा वेळ गेला. मी म्हणालो, फार वर्षं झाली वहिनी, आठवत नाही.

भाऱ्याचं वजन नजरेने सांगणारा मी. दादांच्या पाठीवरची पिशवी सकाळी जेवढी ताणलेली असायची तेवढीच संध्याकाळी असायची. रोज माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मला लाज वाटली. अशी लाज मला बोटं गेली तेव्हाही वाटली नव्हती आणि साहेबांसमोर अर्धंच खरं बोललो तेव्हाही नाही.

दादा वर आले. वहिनींना पहाटे कामाला जायचं होतं, त्या आत जाऊन पडल्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. एवढी वर्षं दिवसभर एकमेकांकडे बघत काढली, पण समोरासमोर बसून बोलायची सवय आम्हाला नव्हती. खिडकीतून खालच्या दुकानाचा पत्रा ओढून घेतल्याचा आवाज आला. मी विचारलं, मग आता झोप तर मस्त लागत असेल.

दादांनी मान हलवली. "पोट गप्प असतं. मीच जागा असतो. डोळा लागला रे लागला की हातातला दांडा सुटतो. दचकून उठतो. मग बसून राहतो इथे." मग म्हणाले, "आधी बरं होतं. पोटाला शिव्या देता यायच्या."

मला ते सहन होईना. मी म्हणालो, "दादा, त्या टाकीपाशी मी जे बोललो..."

दादांनी हात आडवा केला. उजवा, खांद्याच्या रेषेत ताणून धरलेला, तळहात खाली. एकोणीस वर्षं ती खूण मी त्यांना करत आलो होतो, त्यांनी मला कधी केली नव्हती. मी थांबलो. ते माझ्याकडे बघत होते आणि मी थांबलोय याची खात्री होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

मग त्यांनी माझा डावा हात पहिल्यांदाच आपल्या हातात घेतला. जिथे बोटं होती तिथली नवी, गुळगुळीत कातडी अंगठ्याने चाचपून पाहिली.

"रात्री ठणकतं का?"

मी म्हणालो, नाही.

"झोप लागते ना तुला?"

मी म्हणालो, लागते. त्या संध्याकाळपर्यंत ते खरंच होतं.